यंत्राच्या पोटातले ब्लीच

घरगुती ब्लीच यंत्रात घालावे का, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर मिळावे अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते, आणि तसे उत्तर छातीठोकपणे देणारेही पदोपदी भेटतात. एक जण सांगतो की कपभर ब्लीच टाकून वॉशिंग मशीन रिकामे फिरवावे, म्हणजे कुबट वास हमखास जातो. दुसरा सांगतो की चुकूनही घालू नये, सगळे गंजून जाईल. दोघांचेही अनुभव खरे असू शकतात, कारण दोघांच्या यंत्रांतले धातू वेगळे असतात, ब्लीचचे प्रमाण वेगळे असते, आणि ब्लीच घातल्यानंतर यंत्र साध्या पाण्याने किती वेळा खळबळून निघाले हेही वेगळे असते. फरशीवर किंवा बादलीत ओतलेले ब्लीच कुठे गेले ते आपल्याला दिसते आणि पुसून घेता येते. यंत्रात ओतलेले ब्लीच नळ्यांत, सांध्यांत आणि रबराच्या घड्यांत नजरेआड होते, आणि तिथे ते काय करते हे बहुधा वर्षा-दोन वर्षांनी यंत्र बिघडल्यावरच कळते. म्हणून हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

ब्लीच म्हणून आपण जी बाटली आणतो, तिच्यात सोडियम हायपोक्लोराइट हे द्रव्य पाण्यात विरघळलेले असते. त्याचे प्रमाण साधारण 3 ते 8 टक्के असते. ते टिकून राहावे म्हणून द्रावण मुद्दाम तीव्र अल्कधर्मी ठेवतात. त्याचा सामू 11 ते 13च्या दरम्यान असतो, आणि बोटांना लागल्यावर बुळबुळीत वाटते ते त्यामुळेच. या द्रव्याचा इतिहास जुना आहे. कार्ल शेले यांनी 1774 मध्ये क्लोरीन वायू वेगळा केला, पुढे दहा-बारा वर्षांत क्लोद बेर्तोले यांनी त्याचा उपयोग कापड शुभ्र करण्यासाठी दाखवला, आणि त्यातून पॅरिसजवळच्या जाव्हेल गावाच्या नावाने ओळखले जाणारे पहिले द्रवरूप ब्लीच आले. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये डॉक्टरांना हात धुवायला लावले, तेव्हा त्यांनी वापरलेला क्लोरीनयुक्त चुना याच कुळातला. प्रसूतीनंतरच्या तापाने मरणाऱ्या कितीतरी स्त्रियांचे प्राण त्या एका सवयीने वाचले. त्यामुळे ब्लीचला सरसकट खलनायक ठरवणे मला मान्य नाही. जंतू मारण्याच्या कामात इतके स्वस्त आणि इतके खात्रीचे द्रव्य क्वचितच सापडते.

पण ब्लीच काहीही धुऊन काढत नाही, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. साबण मळाला धरतो, सैल करतो आणि पाण्याबरोबर वाहून नेतो. ब्लीच समोर येईल त्या पदार्थाचे ऑक्सिडीकरण करते. डागातल्या रंगद्रव्याची मोडतोड झाली की डाग दिसेनासा होतो, जंतूंमधली प्रथिने बिघडली की जंतू मरतात, पण मूळ द्रव्य बरेचसे जागच्या जागीच राहते. शिवाय ब्लीचला निवड करता येत नाही. बुरशीचा पेशीपटल, सदऱ्यातले लोकरीचे धागे आणि यंत्रातला धातू यांतला फरक त्याला कळत नाही. हे सगळे करून दमल्यावर त्याचे जे उरते ते मीठ असते, साधे सोडियम क्लोराइड. खरे तर ब्लीच कारखान्यात बनते तेव्हाच त्याच्याबरोबर मीठही तयार होते, म्हणजे बाटलीतही ते असतेच. हे मीठ ऐकायला निरुपद्रवी वाटते, पण यंत्राच्या दृष्टीने पुढची अर्धी गोष्ट त्याचीच आहे.

यंत्रांमध्ये स्टेनलेस स्टील असते आणि ते गंजत नाही, हा आपला ठाम समज. त्यात तथ्य आहे, मात्र त्याला अटी आहेत. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 मध्ये क्रोमियम मिसळलेले पोलाद तयार केले, तेव्हापासून हा धातू घराघरांत आला. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन या क्रोमियमचा अतिशय पातळ, काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा पृष्ठभागावर तयार होतो. न गंजण्याचे सगळे श्रेय या अदृश्य पापुद्र्याचे. ओरखडा पडला तर तो आपोआप पुन्हा धरतो, फक्त त्याला ऑक्सिजन मिळायला हवा. मिठातले क्लोराइड नेमके इथेच घाव घालते. पापुद्र्यात एखादी कमकुवत जागा सापडली की तिथे ते शिरते, त्या सूक्ष्म खळग्यातले पाणी आम्ल होत जाते, ऑक्सिजन आत पोचत नाही, आणि मग ब्लीच संपले तरी खळगा स्वतःच्या बळावर खोल होत राहतो. असा खळगा मी भिंग लावून पाहिला आहे. वरून टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका, त्याभोवती चहाच्या रंगाचे पुसट कडे, आणि बाकीचा पत्रा लखलखीत. किडलेल्या दातासारखे हे काम असते. भोक बारीक, आत पोकळी मोठी. कडे घासून निघते आणि माणसाला वाटते की डाग गेला. ठिपका मात्र तिथेच राहतो.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. भरपूर पाण्यात मिसळलेले ब्लीच काही मिनिटे फिरले आणि मग पूर्ण धुऊन निघाले, तर चांगल्या प्रतीच्या स्टीलला सहसा इजा होत नाही. इजा करतो तो मागे राहिलेला थेंब. तो सुकत जातो तसतसे त्यातले पाणी उडते आणि क्लोराइड मात्र साठत जाते, म्हणजे सौम्य म्हणून ओतलेले द्रावण शेवटी त्या एका ठिकाणी तीव्र होऊन बसते. म्हणून न मिसळलेले ब्लीच थेट ड्रमवर ओतणे, किंवा ब्लीचमध्ये भिजवलेले फडके रात्रभर आत ठेवून देणे, या दोन्ही गोष्टी मला सर्वस्वी चुकीच्या वाटतात. स्टीलही सगळे सारखे नसते. 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेले 304 हे स्वयंपाकघरातल्या भांड्यांतून परिचित आहे; मॉलिब्डेनम घातलेले 316 क्लोराइडला अधिक तोंड देते; आणि घरगुती यंत्रांमध्ये बऱ्याचदा निकेल नसलेले, त्यामानाने कमी टिकाव धरणारे स्टील वापरतात. आपल्या यंत्रात कोणते आहे हे बाहेरून पाहून कळत नाही.

वॉशिंग मशीनचे खरे दुखणे तर ड्रममध्ये नसतेच. समोरून दार असलेल्या एका जुन्या मशीनचा ड्रम दुरुस्तीसाठी बाहेर काढलेला मी जवळून पाहिला. आतून तो आरशासारखा होता. कारागिराने तो उलटा केला, तेव्हा मागच्या बाजूला ड्रमला शाफ्टशी जोडणारा तीन हातांचा आधार दिसला. ही मंडळी त्याला स्पायडर म्हणतात. तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ओतीव भाग असतो. त्याच्या खाचांमध्ये राखाडी-पांढरा, ओलसर थर साचला होता, नखाने खरवडला की त्याचे पापुद्रे निघत होते, आणि एका हाताच्या मुळाशी धातू इतका खाल्ला गेला होता की तिथे आरपार भेग गेली होती. ॲल्युमिनियमचेही स्वतःचे संरक्षक कवच असते, पण ते तीव्र अल्कधर्मी द्रावणात विरघळते आणि क्लोराइडने जागोजागी फुटते. ब्लीचमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र असतात. त्यात हा भाग स्टीलला जोडलेला आणि कायम ओला, त्यामुळे दोन धातूंमधली विद्युत-रासायनिक झीजही चालू राहते. सगळा दोष ब्लीचवर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. न विरघळलेली धुण्याची पावडर आणि सॉफ्टनरचा चिकटाही त्याच खाचांत बसतो आणि तोही अल्कधर्मी ओल धरून ठेवतो. तरीही आधीच कुरतडल्या जाणाऱ्या भागावर वारंवार ब्लीच सोडणे म्हणजे आजारापेक्षा औषध जालीम करणे आहे.

दाराभोवतीच्या रबरी गॅस्केटची कथा वेगळी. खालच्या बाजूची घडी बोटाने उलगडून पाहिली तर तिथे काळपट, बुळबुळीत लेप हाताला लागतो, त्यात केस, धागे आणि साबणाचा गाळ अडकलेला असतो. कुबट वासाचे उगमस्थान बहुधा हेच. थंड पाण्यातली धुलाई, द्रवरूप डिटर्जंट आणि मुक्त हस्ताने घातलेला सॉफ्टनर यांमुळे हा लेप वाढतो, कारण जंतू आणि बुरशी त्या चिकट थरात घर करून राहतात. त्यावर ब्लीच टाकले की काळा रंग उडतो, वास काही दिवस दबतो, आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात वरचा थर मरून फिका पडलेला असतो. खालचा लेप शाबूत असतो आणि पुढच्या पिढीला खाद्य पुरवतो. त्या लेपातल्या मळावरच ब्लीचची बरीच ताकद खर्च होते, हेही लक्षात घ्यायला हवे. आधी साबणाच्या कोमट पाण्याने आणि फडक्याने ती घडी पुसून काढणे, डिटर्जंटचा खण बाहेर काढून ब्रशने घासणे, खालचा फिल्टर उघडून त्यातला गाळ काढणे, अधूनमधून 60 अंश किंवा त्याहून गरम पाण्याची धुलाई लावणे आणि धुणे झाल्यावर दार उघडे ठेवणे ही कामे कंटाळवाणी आहेत खरी, पण वासाचे कारण त्यांनीच दूर होते.

एवढे करूनही पांढऱ्या सुती कपड्यांसाठी ब्लीच वापरायचेच असेल, तर ते त्याच्यासाठी खूण केलेल्या खणातूनच जावे. तो खण ब्लीच पाण्यात मिसळून मगच ड्रममध्ये सोडतो. खण नसेल आणि यंत्राच्या पुस्तिकेत ब्लीचला परवानगी असेल, तर टबमध्ये पाणी पूर्ण भरल्यावर, आधीच पातळ केलेले ब्लीच घालावे आणि नंतर खळबळण्याची एक जादा फेरी द्यावी. पुस्तिकेत मनाई असेल तर विषय तिथेच संपला. बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल तर एक वेगळाच घोळ होतो: विरघळलेल्या, रंगहीन लोहाचे ब्लीचमुळे तांबूस गाळात रूपांतर होते आणि शुभ्र व्हायला टाकलेले कपडे गंजाचे डाग घेऊन बाहेर येतात.

भांडी धुण्याच्या यंत्राबाबत फार लिहिण्यासारखे नाही. आतले अस्तर स्टीलचे असेल तर त्यात ब्लीच घालू नये असेच बहुतेक उत्पादक सांगतात, आणि ते योग्यच आहे, कारण गरम पाण्यात ब्लीच जास्त आक्रमक होते आणि वाफेबरोबर त्याचा झोंबरा वासही बाहेर येतो. आत चांदीची किंवा ॲल्युमिनियमची भांडी असतील तर ती काळवंडतात. मायक्रोवेव्हमध्ये वाफेने डाग सैल होतात, तिथे ब्लीचचे कामच नाही. एअर कंडिशनरच्या जाळीमागे ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या आणि तांब्याच्या नळ्या एकमेकांना चिकटून असतात, म्हणजे धातूंच्या दृष्टीने सर्वांत नाजूक जोडी, आणि तिथे फवारलेले जे काही असेल ते पंखा सरळ खोलीतल्या माणसांच्या श्वासात सोडतो.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राबद्दल मात्र थांबून सांगितले पाहिजे, कारण जिथे पिण्याचे पाणी तयार होते तिथे जंतुनाशक घालणे अनेकांना तर्कशुद्ध वाटते. या यंत्रातले पटल बहुधा पॉलिअमाइडचे असते आणि क्लोरीन त्याचे रासायनिक बंध तोडतो. नळाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणानंतर शिल्लक ठेवतात तो क्लोरीन लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम इतका अल्प असतो, आणि तेवढ्यापासूनही पटल वाचावे म्हणून त्याच्याआधी कार्बनचा फिल्टर बसवलेला असतो. 5 टक्क्यांच्या ब्लीचमध्ये लिटरला सुमारे 50,000 मिलिग्रॅम हायपोक्लोराइट असते, म्हणजे लाखपट. पटल फाटल्याचे दिसत नाही, पाणी येतच राहते, उलट जास्त वेगाने येते, आणि जे क्षार अडायला हवेत ते अडत नाहीत. म्हणून त्या यंत्राचे निर्जंतुकीकरण त्यासाठी बनवलेल्या द्रव्यानेच आणि जाणकाराकडूनच व्हावे.

आता माणसांच्या सुरक्षिततेकडे वळतो, आणि इथे मला कोणतीही सवलत द्यावीशी वाटत नाही. यंत्रांच्या आत क्षारांचा थर धरतो. किटलीच्या तळाशी, वॉशिंग मशीनच्या हीटरवर, कॉफी यंत्राच्या नळीत तो असतो, आणि तो काढायला व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड यांसारखे आम्लच लागते. ब्लीच अल्कधर्मी असल्यामुळे या थराला हातही लावू शकत नाही. पण एकाच यंत्राची वास घालवण्यासाठी ब्लीच आणि क्षार घालवण्यासाठी आम्ल अशी दुहेरी सफाई करण्याचा मोह लोकांना होतो, आणि ब्लीचला आम्ल भेटले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 रोजी, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, त्यामुळे बंद न्हाणीघरात खालच्या थरात साचतो, म्हणजे नेमका लहान मुलाच्या नाकाच्या उंचीवर. डोळ्यांची आग आणि खोकला लगेच सुरू होतो. फुप्फुसांत पाणी होण्याचा धोका मात्र काही तासांनीही उद्भवू शकतो, म्हणून बरे वाटले तरी दम लागत असेल तर डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

एक दिवस ब्लीच, एक दिवस व्हिनेगर, त्यामुळे दोघांची गाठ पडणारच नाही, असे म्हणणाऱ्यांनी वॉशिंग मशीनची रचना लक्षात घ्यावी. पाणी उपसल्यावरही पंपाजवळच्या खोलगट जागेत आणि नळीत थोडे पाणी राहतेच. दोन्हींच्या मध्ये भरपूर पाण्याची एक पूर्ण रिकामी फेरी झाल्याशिवाय दुसरे द्रव्य आत घालू नये. अमोनियाचेही असेच आहे. काच पुसण्याच्या काही द्रवांत तो असतो, आणि लघवीने भिजून पडून राहिलेल्या लंगोटांतही तो तयार होतो. ब्लीचबरोबर त्याचे क्लोरामाइन होतात आणि त्यांची वाफ घशाला आणि फुप्फुसांना जाळते. असे कपडे आधी साध्या पाण्यातून काढल्याशिवाय ब्लीच घातलेल्या मशीनमध्ये टाकू नयेत. शौचालय स्वच्छ करण्याच्या आम्लयुक्त द्रवाशी ब्लीचची गाठ घालणे हा तर घरात क्लोरीन तयार करण्याचा सर्वांत झटपट मार्ग आहे, आणि तो दरवेळी निष्काळजीपणाने नव्हे, जास्त स्वच्छतेच्या प्रामाणिक इच्छेने अवलंबला जातो, याचे मला विशेष वाईट वाटते.

ब्लीचची जागा बऱ्याच प्रमाणात सोडियम परकार्बोनेट घेऊ शकते. ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळणारी पांढरी भुकटी ती हीच. गरम पाण्यात तिच्यापासून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि पेरॉक्साइडचे पुढे पाणी आणि ऑक्सिजन होतात. मागे क्लोराइड राहत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. थंड पाण्यात ती आळशी असते, 40 अंशांपासून पुढे जोर धरते. तिलाही क्लोरीनच्या ब्लीचबरोबर एकाच फेरीत घालू नये. दोघे एकमेकांना निकामी करतात आणि हाती फक्त फेस येतो.

तरीही काही प्रसंगी मी स्वतः ब्लीचचीच शिफारस करेन. वीज गेल्यामुळे फ्रीजमध्ये मांस सडले, तर तिथे वासाचा नव्हे, जंतूंचा प्रश्न असतो. अशा वेळी फ्रीज बंद करून, आतले सगळे काढून, आधी साबणाच्या पाण्याने नीट पुसावे. मग सुमारे 4 लिटर पाण्यात 1 मोठा चमचा, म्हणजे 15 मिलिलिटर, साधे बिनसुगंधी ब्लीच मिसळून आतला प्लास्टिकचा भाग ओला करावा, काही मिनिटे तसाच ठेवावा, आणि शेवटी स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसून कोरडा करावा. दाराच्या रबरावरूनही तसेच, पण बाहेरच्या स्टीलला ते लागू देऊ नये. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. यापेक्षा तीव्र द्रावण धुऊन काढायला अधिक कष्ट पडतात.

आणि हे मोजमाप ताज्या बाटलीचे आहे. ब्लीच बाटलीतही स्वस्थ बसत नाही. उष्णता आणि उजेड लागला की हायपोक्लोराइट तुटत राहते आणि त्याचे मीठ व क्लोरेट होते. मशीनच्या डोक्यावर, खिडकीच्या उन्हात, झाकण सैल ठेवलेली बाटली वाफेने शेजारचा पत्राही गंजवते. काही महिन्यांनी वास मंदावला की माणूस अंदाजाने दुप्पट ओततो, आणि मग जंतूंच्या वाट्याला पूर्वीएवढीच ताकद येते, यंत्राच्या वाट्याला मात्र आधीपेक्षा कितीतरी जास्त मीठ.